वेखंडाचे बेट समूळ खणू नका

रावेर-यावलच्या केळी बागायतदारास बिनबियाचे पीक म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. आपली केळी त्रिगुणित आहे. तिच्यात बी धरत नाही. मुनवा, कंद किंवा टिश्यूकल्चरचे रोप मिळाले तरच पुढची बाग उभी राहते. घरोघरी परिचित असलेल्या वेखंडाचेही तसेच आहे. शास्त्रीय भाषेत अकोरस कॅलॅमस म्हणतात ते हेच. भारतातील वेखंड मुख्यत्वे त्रिगुणित असून त्यास फुलोरा येतो, पण बी धरत नाही. चिखलात आडवे वाढणारे खोड, म्हणजे बाजारात वाळवून विकली जाणारी कांडी, हेच त्याचे बेणे. नाल्याकाठचे बेट औषधासाठी समूळ खणले, तर पुढच्या पावसाळ्यात तेथे वेखंड पुन्हा येत नाही.

जगाच्या हिशेबाने ही वनस्पती नष्ट होण्याच्या मार्गावर नाही. मात्र आपल्या देशात काही राज्यांतील पाहणीत रानातील वेखंड संकटग्रस्त ठरले आहे. खणणे हे एक कारण, पाणथळ जागा आटणे हे दुसरे. रावेर व यावल तालुक्यांची गणना भूजलाचा अतिउपसा झालेल्या भागात झाली आहे. केळीत पाट जाऊन ठिबक आले, हे योग्यच झाले. परंतु पाटाकडेची बारमाही ओल गेली आणि तिच्यावर जगणाऱ्या वनस्पतींची जागाही गेली.

ज्वारी, भात, केळी या सर्व एकदल वनस्पतींच्या वंशवृक्षात अगदी प्रथम फुटलेली फांदी वेखंडाची आहे. पूर्वी त्यास अळूच्या कुळात घालीत. आता त्याचे कुळ स्वतंत्र मानतात.

आपल्या शिवारात ते असल्यास ओळखावे कसे? पाने तलवारीसारखी, पाणकणसासारखी दिसतात. पण पान चुरगाळल्यास उग्र सुगंध येतो. पाणकणसास तो नसतो. वेखंडाच्या पानाची मुख्य शीर मधोमध नसून एका बाजूस असते, आणि बोटाएवढा फुलोरा दांड्याच्या बाजूने तिरपा निघतो.

लागवड कठीण नाही. १६व्या शतकात आशियातून युरोपात गेलेले वेखंड तेथे बी नसताना केवळ कांड्यांवर पसरले. विहिरीच्या सांडव्याखाली, शेततळ्याच्या काठी किंवा हौदाचे पाणी झिरपते तेथे, गाळाच्या अथवा भारी जमिनीत जागा निवडावी. पावसाळ्याच्या सुरुवातीस डोळा असलेले कांड्यांचे तुकडे ३० × ३० सें.मी. अंतरावर, चार-पाच सें.मी. खोल चिखलात दाबावेत. जमीन कधीही वाळू देऊ नये. ठिबकची एक नळी त्या कोपऱ्यात सोडल्यास पाणीही फार लागत नाही.

सुमारे वर्षाने पाने पिवळी पडू लागली की काढणी करता येते. कांड्या वाळवून, भुकटी करून धान्यातील किडींसाठी वापरण्याची रीत जुनी आहे. मात्र पोटात देण्याबाबत सावध असावे. वेखंडातील बीटा-असारोन या घटकामुळे उंदरांत गाठी झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला. तान्ह्या बाळास गुटीतून वेखंड उगाळून देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

काढणीच्या वेळी बेटाचा निदान तिसरा हिस्सा जागेवर ठेवावा, आणि डोळे असलेले काही तुकडे शेजारच्या एखाद्या विहिरीच्या काठी लावावेत, म्हणजे एक जागा आटली तरी बेणे दुसरीकडे शिल्लक राहील.