धूपछाव काचेची फुलदाणी : कुठली, कधीची, आणि बुडावरचे नाव खरे की खोटे?

कापडाच्या धंद्यातील माणसाने काचेवर का लिहावे, असे काही वाचक बांधव विचारतील. कारण सांगतो, आणि त्यात माझी स्वतःची चूक आहे हेही सुरुवातीलाच कबूल करतो.

आमच्या गल्लीत जरीकाम करणारा एक होतकरू तरुण आहे. हाताला काम कमी झाले तेव्हा त्याने जुन्या घरांतले सामान घेऊन विकण्याचा जोडधंदा सुरू केला. घड्याळे, तांब्याची भांडी, चिनी मातीच्या बशा असा माल तो आणतो आणि मुंबईच्या चोरबाजारात नेऊन देतो. एकदा एका दलालाने त्याला काचेची फुलदाणी दाखविली. उंची वीतभर, रंग नारिंगी-सोनेरी, आणि हातात फिरविली की त्यावर जांभळी, हिरवी, गुलाबी झाक सरकत जाई. अंगावर वळसा घेतलेला मासा होता. बुडावर इंग्रजीत ‘एल. सी. टी.’ अशी तीन अक्षरे कोरलेली. दलाल म्हणाला, "अमेरिकेच्या टिफनी कंपनीचा माल आहे, शंभर वर्षांचा. सात हजारांना देतो, कारण मला गावी जायचे आहे."

तो तरुण माझ्याकडे आला. "चाचा, घेऊ का?" मी चष्मा लावून अक्षरे वाचली आणि म्हटले, "नाव कोरलेले आहे, मग आणखी काय बघायचे? घे." वर तीन हजार उसनेही दिले. तीस वर्षे ताग्याच्या किनारीवरचे मिलचे शिक्के बघत आलो आहे. पॉवरलूमच्या कापडावर मोठ्या मिलचा खोटा शिक्का कसा मारतात हे मला चांगले ठाऊक आहे. तरी काचेवरचे नाव बघून मी फसलो. आपला माल नसला की माणसाची नजर कच्ची होते.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. या प्रकरणानंतर मी जी माहिती गोळा केली, ती जुन्या सामानाच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

प्रथम ही झळाळी म्हणजे काय ते समजून घ्या. धूपछाव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून कापड हलले की रंग बदलतो. काचेत दुसरा रंग नसतोच. साच्यातून किंवा फुंकणीवरून निघालेल्या तापलेल्या काचेवर कथील किंवा लोखंडाच्या क्षाराचा फवारा मारतात. त्याने काचेवर धातूच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा बसतो. या पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि रंग दिसतात. साबणाचा फुगा किंवा पावसात रस्त्यावर सांडलेले तेल, तीच गोष्ट. फवाऱ्यानंतर काच पुन्हा तापवून ओढली तर पापुद्र्याला बारीक भेगा पडतात आणि झळाळी रेशमासारखी मऊ दिसते. तसे केले नाही तर ती आरशासारखी लखलखते. पापुद्रा गरम काचेवर बसलेला असल्यामुळे नखाने सुटत नाही. जो रंग नखाने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने सुटतो तो थंड काचेवर नंतर चढविलेला मुलामा समजावा.

आता घराणी दोन. एक तोंडाने फुंकून हाताने घडविलेल्या काचेचे आणि दुसरे साच्यातल्या काचेचे. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो येथेच.

पहिल्या घराण्यात अमेरिकेचे लुई कम्फर्ट टिफनी यांचे नाव सर्वांत मोठे. न्यूयॉर्कजवळच्या कोरोना येथे त्यांची भट्टी होती. ‘फॅव्हरील’ हे त्यांच्या काचेचे व्यापारी नाव १८९४ साली नोंदविले गेले. त्यांच्या मालावर ‘एल. सी. टी.’ किंवा पूर्ण नाव आणि क्रमांक खरोखरच कोरलेले असत. म्हणजे आमच्या दलालाने (किंवा त्याच्या आधीच्या कोणी) अक्षरे अगदी अभ्यास करून निवडली होती! युरोपात त्याच काळात बोहेमियातील लोट्झ हा कारखाना प्रसिद्ध होता. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला मोठा सन्मान मिळाला. १९४७ साली तो कायमचा बंद झाला. येथे एक गंमत ध्यानात ठेवा. लोट्झच्या खऱ्या नगांपैकी पुष्कळांवर नावच नाही. नाव बहुधा परदेशी पाठवायच्या मालावर घालीत. शिवाय शेजारच्या क्रालिक, रिंडस्कोप्फ, पाल्मे-कोनिग वगैरे कारखान्यांनी तशाच तऱ्हेचा माल काढला आणि त्यावरही बहुधा नाव नाही. त्यामुळे बाजारात प्रत्येक बिननावी बोहेमियन फुलदाणी लोट्झच्या नावाने खपविली जाते, आणि काही ठिकाणी नाव नंतर कोरलेही जाते.

दुसरे घराणे साच्याचे. अमेरिकेत फेंटन कंपनीने १९०७ च्या सुमारास साच्यात दाबलेल्या स्वस्त काचेवर हा फवारा मारायला सुरुवात केली. मागोमाग नॉर्थवूड, इम्पीरियल, डुगन हे कारखाने आले. श्रीमंतांच्या घरी टिफनी, तर गरिबाच्या घरी हा माल. पुढे हा माल जत्रांत बक्षीस म्हणून वाटला गेला असे मानतात, म्हणून त्याला ‘कार्निव्हल ग्लास’ हे नाव पडले. नाव कारखान्यांनी दिलेले नाही, संग्राहकांनी बऱ्याच वर्षांनंतर दिले.

आता नग हातात घेऊन काय पाहावे?

सगळ्यात आधी बूड पाहा, पण अक्षरे वाचू नका. फुंकलेल्या काचेला तोंड घडविताना बुडाला लोखंडी सळई चिकटवितात आणि नंतर तोडतात. तिची खडबडीत खूण राहते, किंवा ती घासून गुळगुळीत केलेली वाटोळी खळगी दिसते. साच्याच्या मालावर अशी खूण बहुधा नसते. त्याऐवजी अंगावर उभ्या रेघा असतात, जेथे साच्याचे भाग जुळतात तेथे. डोळ्याला दिसल्या नाहीत तर नख फिरवा, लागतील. बुडापासून मानेपर्यंत साच्याची रेघ असलेल्या फुलदाणीवर टिफनीचे नाव असेल, तर त्या नावावर एक पैसाही देऊ नये.

मग कड पाहा, जी टेबलावर टेकते. शंभर वर्षे कपाटावर सरकलेल्या वस्तूच्या कडेवर बारीक ओरखडे असतात, पण ते सर्व दिशांनी, आणि फक्त टेकणाऱ्या भागावर. सगळे ओरखडे एकाच दिशेचे असतील तर ते पॉलिशपेपरचे काम आहे. कोरलेली अक्षरेही भिंगातून पाहा. जुन्या अक्षरांच्या खाचेत मळ बसलेला असतो, कडा झिजलेल्या असतात, आणि बुडाचे ओरखडे अक्षरांवरून गेलेले दिसतात. अक्षरे ओरखड्यांना कापत जात असतील तर अक्षरे नंतरची. आमच्या फुलदाणीत नेमके हेच होते. खाच पांढरीशुभ्र, जणू काल कोरलेली.

छापाचे शब्द काळ सांगतात, पण नीट वाचले तर. बोहेमिया १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, म्हणून त्या काळातील मालावर ‘ऑस्ट्रिया’ सापडते. चेकोस्लोव्हाकिया हा देश १९१८ च्या ऑक्टोबरात जन्माला आला आणि १९९२ च्या अखेरीस संपला. बुडावर त्या देशाचे नाव असेल तर नग १९१८ पूर्वीचा असूच शकत नाही, मग विकणारा काहीही शपथ घेवो. फेंटनच्या मालावर लंबगोलात कंपनीचे नाव असेल तर तो नग १९७० किंवा त्यानंतरचा. त्याखाली बारीक ८ चा आकडा असेल तर १९८० च्या दशकातील, ९ असेल तर १९९० च्या. म्हणजे त्यांचा जुना, मौल्यवान माल तोच ज्यावर नाव नाही. नावाला भुलणाऱ्यासाठी ही चांगली शिकवण आहे, आणि मी ती उशिरा शिकलो.

उंचीवर जाऊ नका. अमेरिकन कारखान्यांत गरम फुलदाणी चिमट्यात धरून झोका देत, त्याने ती लांब होई. एकाच साच्यातील दोन नग एक वीतभर, दुसरा हातभर. ओळख पटवायची तर बुडाचा व्यास मोजा, तो बदलत नाही. आणि काचेचा मूळ रंग पाहायचा तर बूड उजेडासमोर धरा, कारण तेथे फवारा कमी लागलेला असतो. वर नारिंगी दिसणाऱ्या वस्तूची काच बहुधा बिनरंगी निघते.

नोटा तपासायचा जांभळा दिवा आपल्या सर्वांच्या गल्ल्यावर असतो. त्यात काच हिरवी चमकली तर तिच्यात युरेनियम आहे असे समजते. परंतु त्यावरून वय ठरत नाही. तशी काच जुन्या काळातही होत होती आणि नंतरही झाली.

आता आमच्या माशाकडे येतो.

फिरोजाबादचे एक वयस्क चुडीवाले वसुलीसाठी आमच्या बाजारात येत असतात. माझ्या दुकानी चहाला बसले असता फुलदाणी समोर होती. मी काही बोलण्याआधीच ते हसले. "अरे मियाँ, ये तो हमारे गाँव की मछली है. ये यहाँ कैसे आई?"

फिरोजाबाद आपण चुड्यांसाठी ओळखतो. तेथील शीशगर घराणी पिढ्यान्‌पिढ्या भट्टीवर काम करीत आली आहेत. बोहेमियाच्या काचेच्या बांगड्या आणि मणी एके काळी मुंबई बंदरात उतरत, आणि त्याच मालाशी या देशी कारागिरांना झुंजावे लागले. या शहरातील जैन ग्लास वर्क्स या कारखान्याने स्वातंत्र्यापूर्वी सुरुवात करून पुढे काही दशके झळाळीची काच काढली. टम्बलर, सुरया, फुलदाण्या. परदेशातील संग्राहक त्यांतील काही नगांना ‘फिश’, ‘एलिफंट’, ‘हँड’ अशा नावांनी ओळखतात. एकीवर मासा, एकीवर हत्ती, एकीत फुलदाणी धरलेला माणसाचा हात. काच बहुधा बिनरंगी, फवारा नारिंगी, अंग अमेरिकन मालापेक्षा पातळ आणि हलके, कारण हा माल साच्यात दाबलेला नसून साच्यात फुंकलेला आहे. काही नगांच्या बुडावर रोमन लिपीत ‘जैन’ हे नाव साच्यातच उठविलेले असते. कोरलेले नव्हे, उठविलेले. हा फरक बोटाला कळतो.

आमच्या नगावर तेही नाव नव्हते. परंतु मासा, पातळ अंग, घासून सपाट केलेले तोंड आणि उभी रेघ, सर्व जुळत होते. चुडीवाले बाबा भिंग घेऊन बराच वेळ ती तीन अक्षरे पाहत राहिले. मग म्हणाले की ज्याने हे कोरले त्याने आमच्या मालाला ऐब लावला, नाही तर ही चीज स्वच्छ होती. मला ते लागले. या मालाला कदर करणारे लोक आज देशात आणि परदेशात आहेत, स्वतःच्या नावावर तो विकला जातो. टिफनीचे खोटे नाव लावून कोणीतरी त्याची किंमत वाढविली नाही, घटविली.

एक सूचना धुण्याविषयी. अशी वस्तू राखेने किंवा तारेच्या चोथ्याने घासू नये. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडके पुरे. फुले ठेवून आत पाणी साचू दिले की पांढरा थर धरतो आणि तो सहजी जात नाही.

तो तरुण नाराज झाला हे सांगायला नको. दलालाचा फोन लागेना. अक्षरे घासून काढावीत असे त्याने सुचविले, मी नको म्हटले. घासलेला डाग अक्षरांपेक्षा वाईट दिसतो, आणि घेणाऱ्याने विचारले तर काय सांगणार? दुसरा एक गिऱ्हाईक टिफनी समजूनच दहा हजार देण्यास तयार होता. त्या रात्री त्याने मला पुन्हा विचारले, "चाचा, तो स्वतःच म्हणतोय टिफनी. मी फक्त गप्प बसायचे. काय हरकत आहे?" मी त्याला माझ्या दुकानातील एक जुना तागा काढून दाखविला, खोट्या शिक्क्याचा, जो मी फसून घेतला होता आणि आजवर विकलेला नाही. तो काही बोलला नाही, घरी गेला.

दोन महिन्यांनी त्याने फुलदाणी अठराशे रुपयांना एका संग्राहकाला दिली. बिलावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिले : ‘जुनी काच, फिरोजाबाद, माशाची फुलदाणी. बुडावरील अक्षरे नंतर कोरलेली, टिफनीची नव्हे.’ माझे तीन हजार मी सोडून दिले, कारण ‘घे’ म्हणणारा मीच होतो. त्याने ऐकले नाही. दर शुक्रवारी दोनशे रुपये आणून देतो, अजून पाच हप्ते बाकी आहेत.