फीत १०० सेंटिमीटर, झेंडा केवढा?

मुलांनो, १२ मार्च हा आपल्या मॉरिशसचा राष्ट्रीय दिन. १९६८ साली याच दिवशी आपला देश स्वतंत्र झाला आणि १९९२ साली याच दिवशी तो प्रजासत्ताक झाला. या दिवसासाठी वर्गाच्या भिंतीवर लावायला कागदी झेंडा करायचा आहे, असे समजा. झेंडा करता करता आपण थोडे गणितही शिकू या.

तुमच्याजवळ १०० सेंटिमीटर लांब फीत आहे. ती झेंड्याच्या चारही कडांना चिकटवायची आहे. फीत उरता कामा नये आणि कमीही पडता कामा नये. तर झेंडा केवढा करावा?

असा प्रश्न वाचला की काही मुले लगेच भागाकार करू लागतात. "चार बाजू आहेत ना? मग १०० भागिले ४, म्हणजे प्रत्येक बाजू २५ सेंटिमीटर!" पण चारही बाजू सारख्या केल्या तर चौरस होईल. आपला झेंडा चौरस नाही. म्हणून घाई करू नका. आधी आकृती काढा.

आपला झेंडा आयताकृती आहे. त्याच्या रुंदीचे २ समान भाग केले, तर तेवढेच ३ भाग त्याच्या लांबीत बसतात. वहीत एक आयत काढा. दोन्ही उभ्या बाजूंवर २-२ भाग आणि दोन्ही आडव्या बाजूंवर ३-३ भाग दाखवा. एक भाग किती सेंटिमीटरचा, हे अजून आपल्याला माहीत नाही. हरकत नाही. जी संख्या माहीत नाही, तिला आपण 'क्ष' असे नाव देऊ.

आता आयताच्या कडेने बोट फिरवा आणि भाग मोजा.

२ + ३ + २ + ३ = १०

म्हणजे १० भागांना मिळून १०० सेंटिमीटर फीत लागते.

१० × क्ष = १००
म्हणून क्ष = १०

रुंदी २ × १० = २० सेंटिमीटर आणि लांबी ३ × १० = ३० सेंटिमीटर.

उत्तर मिळाले. पण ते बरोबर आहे का? ताळा करून पाहा. २० + ३० + २० + ३० = १००. फीत बरोबर पुरली! सर्व कडांच्या या एकूण लांबीला परिमिती म्हणतात.

माहीत नसलेल्या संख्येला नाव देण्याची ही युक्ती फार जुनी आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांनी ११५० साली 'बीजगणित' लिहिले. त्यात अशा संख्यांना रंगांचीही नावे दिलेली आहेत : कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा, पीतक म्हणजे पिवळा आणि लोहितक म्हणजे तांबडा. किती गंमत आहे, नाही का?

आता आपल्या झेंड्याचे रंग पाहू. वरून खाली लाल, निळा, पिवळा आणि हिरवा असे ४ सारखे आडवे पट्टे आहेत. २० ÷ ४ = ५. म्हणून प्रत्येक पट्टा ३० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद. एका पट्ट्याला ३० × ५ = १५० चौरस सेंटिमीटर कागद लागेल. चार पट्ट्यांना ६०० लागेल. पूर्ण झेंडा २० × ३० = ६००. पुन्हा ताळा जुळला! कागदाच्या या मापाला क्षेत्रफळ म्हणतात. परिमिती कडेची, क्षेत्रफळ आतल्या जागेचे, हे पक्के लक्षात ठेवा.

समजा, गुरुजी म्हणाले, "झेंडा दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद करा." फीत किती लागेल? दुप्पट, म्हणजे २०० सेंटिमीटर. मग कागदही दुप्पटच लागेल का? थांबा! येथेही आकृती काढा. मोठ्या आयताच्या मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ ओढा. पाहा, त्यात पहिल्या झेंड्याएवढे ४ आयत बसले. म्हणजे कागद चौपट लागेल : ४० × ६० = २४०० चौरस सेंटिमीटर. दुप्पटच कागद आणला असता, तर अर्धा झेंडा कोराच राहिला असता!

म्हणून गणित सोडवताना तीन गोष्टी करा. आकृती काढा. माहीत नसलेल्या संख्येला नाव द्या. शेवटी ताळा करा.

आता तुम्ही करून पाहा. फीत १२० सेंटिमीटर असेल, तर झेंड्याची लांबी व रुंदी किती? एका पट्ट्याला किती कागद लागेल? उत्तर काढा आणि ते बरोबर आहे का, हे दुसऱ्या कोणाला विचारण्याआधी स्वतःच ताळा करून ठरवा.