एक मार्का, दोन प्रती

एकाच मार्क्याच्या पोत्यांत दोन प्रतींचा गहू भरणे आम्ही लबाडी मानतो. नातवासाठी संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाची चौकशी करिताना आम्हांस हेच स्मरले. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडिया कंपनीने ‘आरटीएक्स ४०८०’ या एकाच नावाची दोन कार्डे जाहीर केली. एक १६ जीबी मेमरीचे, दुसरे १२ जीबीचे. भेद केवळ मेमरीचा, असे ग्राहकास वाटावे. वस्तुतः चित्रे घडविणारी गणनकेंद्रे पहिल्यात ९,७२८, तर दुसऱ्यात ७,६८०. अर्थात वेगही उणा. टीका होताच ऑक्टोबरात कंपनीने धाकट्या कार्डाचे ते नाव मागे घेतले. जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड ‘४०७० टीआय’ म्हणून बाजारात आले. भाव ८९९ डॉलरांऐवजी ७९९! नाव खरे होताच भावही खरा झाला. सभासदबंधूंनो, मार्का पाहून नव्हे, वानगी पाहून सौदा करावा.