जालन्याच्या उन्हात मऊ क्रीम बिस्किट

चॉकलेटच्या दोन चकत्या आणि मध्ये क्रीम, या बिस्किटाला शंभर वर्षं कधीच उलटून गेली. लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीचं बोरबॉन १९१० सालचं, न्यूयॉर्कचं ओरिओ १९१२ सालचं. आज जालन्यात नव्या मोंढ्यापासून मंठ्याच्या बसस्टँडपर्यंत कुठल्याही टपरीवर अशी पुडी मिळते. ती महिनोन्महिने कुरकुरीत राहते, कारण तिच्यात पाणी जवळजवळ नसतंच. चकतीतलं पाणी भट्टीतच दोन-तीन टक्क्यांपर्यंत उतरवलेलं असतं. मधलं क्रीम म्हणजे घट्ट स्निग्ध पदार्थ आणि बारीक दळलेली साखर. त्यातही पाणी नाही, त्यामुळे क्रीमकडून चकतीकडे जायला काही उरतच नाही.

घरी करायचं मऊ बिस्किट याच्या बरोबर उलट असतं. अमेरिकेत त्याला हूपी पाय म्हणतात. चकती केकसारखी दबणारी आणि क्रीम हलकं, फेटलेलं. इथे पाणी टिकवायचं असतं, आणि मेच्या दुपारी ४० अंशांच्या पुढे जाणाऱ्या, ओठ फुटावेत इतक्या कोरड्या हवेत ते सोपं नाही. या बिस्किटाच्या बहुतेक पाककृतींत ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणा’ असं एक वाक्य असतं. लिहिणाऱ्याची खोली २० अंशांची असते. अंबड किंवा भोकरदनच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात तेच लोणी वाटीत पातळ होऊन पडतं आणि डिसेंबरच्या पहाटे त्यात चमचाही रुतत नाही. आपल्याकडे हे बिस्किट बिघडतं ते बहुतेक वेळा हाताने नव्हे, तर या एका वाक्याने. म्हणून कृती पाठ करण्यापेक्षा तिच्यामागचं विज्ञान समजून घेतलेलं बरं. मग ऋतू बदलला की कृतीही बदलता येते.

सुरुवात ओळखीच्या पदार्थापासून करू. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं आणि डबा भरून नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत तालुक्याच्या गावांत अनेकांनी पाहिली आहे. नानकटाई खुसखुशीत होते कारण तिच्या पिठात पाणी पडत नाही. गव्हातली प्रथिनं पाणी मिळालं की एकमेकांना धरून चिवट जाळं करतात, त्याला ग्लुटेन म्हणतात. तुपाचा थर आधीच पिठाच्या कणाकणावर बसला की हे जाळं धरत नाही. शंकरपाळ्याला मोहन घालून मूठ वळते का पाहतो, ती याचीच परीक्षा. मऊ बिस्किटाला मात्र थोडं जाळं हवं असतं आणि पाणीही हवं असतं, कारण स्टार्च पाणी पिऊन फुगला तरच चकतीला केकची स्पंजी बांधणी येते. म्हणून इथे स्निग्ध पदार्थ नानकटाईपेक्षा कमी आणि दही-दूध जास्त.

सुमारे २०० ग्रॅम मैदा, ४५ ग्रॅम कोको, १०० ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम साखर आणि गूळ मिळून, १८० ग्रॅम दही, पाऊण छोटा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ, एवढं प्रमाण धरून चालू. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट आणि चमच्याने ताटलीत घालता येईल इतपत सैल हवं. कोको पावडर स्वतःच भरपूर पाणी शोषते, त्यामुळे साध्या पिठाच्या अंदाजाने घातलेलं दही कमी पडतं. पीठ दहा मिनिटं झाकून ठेवलं की ते आळतं. कमी-जास्त करायचं ते त्यानंतर.

यातला गूळ चवीपुरता नाही. परदेशी कृतींत ब्राउन शुगर लिहिलेली असते आणि ती शोधायला लोक संभाजीनगर गाठतात. त्याची गरज नाही. गुळात उसाच्या साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. फ्रुक्टोज पाणी घट्ट धरून ठेवतं. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो तो याच गुणामुळे, आणि उन्हाळ्यात तोच गुण बिस्किट मऊ ठेवतो. निम्मी साखर आणि निम्मा मऊ, काळसर गूळ घेतला तर दुसऱ्या दिवशीचा फरक बोटाला कळतो.

अंडं न चालणाऱ्या घरांत, आणि जालन्यासारख्या व्यापारी पेठेत अशी घरं पुष्कळ आहेत, दही दोन कामं करतं. ओलावा देतं आणि सोड्याला आम्ल पुरवतं. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. आम्लाशी गाठ पडली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. आम्ल कमी पडलं तरी उष्णतेने तो फुटतो, पण मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा राहतो आणि चकतीला साबणासारखी चव येते. म्हणून ‘अजून थोडा सोडा’ हा मोह टाळावा.

आम्लाच्या या हिशेबात कोकोही येतो. साधा कोको आंबट असतो. अल्कली लावलेला, अधिक काळा आणि चवीला सौम्य असा ‘डच’ कोको जवळपास उदासीन असतो. ही प्रक्रिया एकोणिसाव्या शतकात हॉलंडच्या कुनराड व्हॅन हाउटेन यांनी रूढ केली. डब्यावर घटकांमध्ये ५०० किंवा ५०१ क्रमांकाचा आम्लता नियंत्रक लिहिलेला असेल, तर कोको बहुधा डच प्रकारचा. सुटा कोको आणला असेल तर एक छोटा प्रयोग करावा. काचेच्या पेल्यात चमचाभर कोको साध्या पाण्यात कालवायचा आणि वर चिमूटभर सोडा टाकून ढवळायचा. कडेने बारीक फेस धरला तर कोको आंबट आहे. नुसताच काळा होऊन बसला तर डच. पाणी साधंच घ्यायचं, कारण गरम पाण्यात सोडा एकटाही बुडबुडतो आणि निष्कर्ष चुकतो. डच कोको निघाला तर सोडा अर्धा करून उरलेल्या फुगण्यासाठी बेकिंग पावडर घालावी, तिच्यात आम्ल आधीच मिसळलेलं असतं.

मैद्याचा चौथा हिस्सा काढून ज्वारीचं पीठ घालायचं असेल तर जरूर घालावं, चॉकलेटशी त्याची चव छान जमते. ज्वारीत ग्लुटेन नाही आणि तिचा स्टार्च गव्हाच्या स्टार्चपेक्षा जास्त तापमानाला फुगतो. भाकरीचं पीठ गरम पाण्याने मळतात ते त्यासाठीच. तेव्हा ज्वारीचं पीठ आधी थोड्या कढत दुधात भिजवून, निववून मगच मिसळावं, नाहीतर दाताखाली रवाळ लागतं.

भाजण्याबद्दल थोडक्यात. ओव्हन असेल तर १७५ ते १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं. नसेल तर जाड बुडाचं पातेलं किंवा कुकर, तळाला मिठाचा थर आणि वर तिवई. मीठ ८०० अंशांपर्यंत वितळत नाही, जळत नाही आणि आच पसरवतं. कुकर घेतला तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायच्याच. कोरड्या कुकरचं झाकण घट्ट बंद करणं धोक्याचं आहे, आणि कोंडलेल्या वाफेत चकती भाजण्याऐवजी उकडते. ताटली ॲल्युमिनियमची हवी. जालन्याचं नाव पोलादाच्या सळईसाठी देशभर आहे, पण या कामात स्टेनलेस स्टील निरुपयोगी ठरतं. ॲल्युमिनियम त्याच्या दहा-पंधरा पट वेगाने उष्णता पसरवतं. स्टीलच्या ताटलीत आचेच्या बरोबर वरची चकती करपते आणि कडेची कच्ची राहते. त्यातून चॉकलेटच्या रंगात करपणं दिसतही नाही, म्हणून डोळ्यांवर न विसंबता बोटाने हलकेच दाबून पाहायचं. खळगा भरून वर आला की चकती झाली. एखादं मिनिट जास्त झालं तरी मऊपणा गेलाच.

खरी परीक्षा क्रीमची. लोणी फेटताना त्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडले जातात आणि ते धरून ठेवतात लोण्यातले घट्ट स्निग्ध स्फटिक. २० अंशांच्या आसपास लोण्याचा काही भाग घट्ट आणि बाकीचा द्रव असतो, त्यामुळे ते वळतंही आणि हवा धरतंही. तापमान तिशीच्या पुढे गेलं की बहुतेक स्फटिक विरघळतात, मग कितीही फेटा, हवा राहत नाही. म्हणून उन्हाळ्यात क्रीमचं काम पहाटे करावं, भांड्याखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेवून. हिवाळ्यात उलट, लोणी कोमट पाण्याच्या वाफेवर जरा सैल करून घ्यावं.

फेटलेलं क्रीम दुपारी टिकावं म्हणून बेकऱ्या वर्षानुवर्षं वनस्पती तूप वापरत आल्या. ते ४० अंशांजवळ वितळणारं बनवता येतं, पण अर्धवट हायड्रोजनीकरणात तयार होणारी ट्रान्स फॅट हृदयाला घातक असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातली तिची मर्यादा २ टक्क्यांवर आणली, हे फार योग्य झालं. घरच्या बिस्किटात वनस्पतीच्या वाटेला न जाता दुसरा एक जुना उपाय आहे, आणि मला तोच सगळ्यात पटतो. दोन मोठे चमचे मैदा अर्धा कप दुधात मंद आचेवर शिजवून खिरीपेक्षा घट्ट करायचा, पूर्ण थंड करायचा आणि फेटलेल्या लोण्या-साखरेत चमचा-चमचा घालत पुन्हा फेटायचा. शिजलेल्या स्टार्चने पाणी आपल्यात बांधून घेतलेलं असतं, त्यामुळे लोणी थोडं मऊ झालं तरी क्रीम लगेच ओघळत नाही आणि साखरही कमी लागते. मात्र यात दूध आहे. उन्हाळ्यात ते तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये.

या क्रीमला व्हॅनिलाऐवजी जालन्याची मोसंबी लावून पाहावी. भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ आहे, आणि चॉकलेटशी संत्र्याइतकंच जुळतं. पण रस घालू नये. रसातलं पाणी क्रीम फोडतं, शिवाय मोसंबीचा रस ठेवला की कडू होतो, हे बागायतदारांच्या घरी पोरांनाही ठाऊक असतं. फळात असताना बेचव असलेलं एक संयुग रस काढल्यावर आम्लाच्या संगतीत हळूहळू लिमोनिन बनतं आणि कडवटपणा चढत जातो. सुगंध असतो सालीच्या रंगीत थरातल्या तेलाच्या पिशव्यांत. ते तेल पाण्यात नव्हे, लोण्यात विरघळतं. म्हणून बारीक किसणीवर वरचाच पातळ थर किसायचा, खालचा पांढरा भाग टाळायचा, आणि कीस साखरेत चोळून मग लोण्यात घालायचा.

चकत्या पूर्ण निवल्यावरच क्रीम भरावं आणि बिस्किटं हवाबंद डब्यात रात्रभर मुरू द्यावीत. क्रीममधलं थोडं पाणी चकतीकडे सरकतं आणि कोरड्या कडाही मऊ होतात. आता राहिला फ्रिजचा पेच. क्रीमला थंडावा हवा, पण फ्रिजच्या चार-पाच अंशांत स्टार्चचे रेणू सर्वांत वेगाने पुन्हा रांगेत बसून कडक होतात. फ्रिजमधला पाव वाळका लागतो तो याने. रात्रभरासाठी फ्रिज चालतो, कारण साखर आणि लोणी हा वेग बराच रोखतात. त्यापुढे ठेवायची असतील तर एकेक बिस्किट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावं, तिथे ही प्रक्रिया जवळपास थांबते. खाण्याआधी वीस मिनिटं, गुंडाळलेलंच, बाहेर काढावं. मे महिन्यात दहा मिनिटं पुरतात.