गाजराचा हलवा आणि थोडी सबुरी

(प्रेशर कुकरमुळे स्वयंपाकातला वेळ आणि इंधन वाचते. पण कुकर नेमके कोणते काम करतो आणि कोणते करत नाही? गाजराच्या हलव्याचे उदाहरण घेऊन लेखकाने प्रस्तुत पाठात हे समजावून दिले आहे. घाई केल्यामुळे काय घडले, तेही प्रांजळपणे सांगितले आहे.)

मी शाळेत मराठी शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. एके दिवशी गुरुजींनी फळ्यावर एक वाक्य लिहिले, ‘हलवा सतत हलवा, नाहीतर हलवा करपेल.’ आम्ही गोंधळलो. मग गुरुजी म्हणाले, “पहिला हलवा खायचा, दुसरा हलवा म्हणजे ढवळा, आणि तिसरा पुन्हा खायचा!” सारा वर्ग हसू लागला.

खाण्याचा ‘हलवा’ हा शब्द मूळचा अरबी आहे. त्याचा अर्थ गोड पदार्थ. फारसी आणि उर्दूप्रमाणे मराठीनेही तो आपलासा केला. मराठीत संक्रांतीच्या पांढऱ्याशुभ्र, काटेरी साखरदाण्यांनाही हलवाच म्हणतात. तेव्हा मुलांनो, हा शब्द तुम्हांला परका नाही. आज आपण गाजराचा हलवा प्रेशर कुकरमध्ये लवकर कसा करायचा, ते पाहू.

माझ्या लहानपणी आमच्या घरी हा हलवा हिवाळ्यात एकदाच होत असे. हिवाळ्यात लाल, रसाळ गाजरे बाजारात येत. अम्मी ती किसून दुधात घालायची आणि रॉकेलच्या स्टोव्हवर पातेले ठेवायची. दूध आटेपर्यंत दोन-अडीच तास ढवळत बसावे लागे. रॉकेल मोजून मिळायचे. अम्मी दिवसभर शिवणकाम करायची. एवढा वेळ आणि एवढे इंधन रोज कोठून आणणार? म्हणून हलवा वर्षातून एकदाच.

पुढे घरी कुकर आला. आम्हांला वाटले, आता हलवा चुटकीसरशी होणार! पण कुकर म्हणजे जादूचे भांडे नव्हे. त्याचे काम कसे चालते, ते आधी समजून घेतले पाहिजे.

समुद्रसपाटीवर उघड्या भांड्यातले पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. जाळ कितीही वाढवला, तरी त्या पाण्याचे तापमान त्याहून वाढत नाही. जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कुकरचे झाकण मात्र घट्ट बसते. झाकणातील रबरी कडे वाफेला बाहेर जाऊ देत नाही. कोंडलेल्या वाफेमुळे आतला दाब वाढतो. दाब वाढला की पाणी अधिक तापमानाला उकळते. घरगुती कुकरमध्ये हे तापमान सुमारे 120 अंशांपर्यंत जाते. त्यामुळे डाळ, भाजी किंवा गाजर लवकर मऊ होते. दाब ठरावीक मर्यादेला पोचला की झाकणावरचे वजन उचलले जाते आणि थोडी वाफ सुटते. तीच आपली शिट्टी! शिट्टीची वाट काही कारणाने बंद झालीच, तर वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. वाफेच्या दाबावर अन्न शिजवणारे असे भांडे डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 साली तयार केले होते.

आता कृतीकडे वळू. चार-पाच माणसांसाठी एक किलो लाल गाजरे, अर्धा लीटर दूध, 200 ग्रॅम साखर, 150 ग्रॅम खवा, चार मोठे चमचे तूप, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड आणि थोडे बदाम व बेदाणे घ्यावेत. पाच लीटरचा कुकर पुरतो.

प्रथम गाजरे स्वच्छ धुऊन सोलावीत. मधला कठीण, फिकट भाग काढून टाकावा आणि गाजरे जाडसर किसावीत. कुकरमध्ये दोन चमचे तूप गरम करून कीस चार-पाच मिनिटे परतावा. मग त्यात अर्धी वाटी पाणी घालावे. पाणी थोडेच का? कारण गाजरातच दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाणी असते. झाकण लावून दोन शिट्ट्या होऊ द्याव्यात. नंतर गॅस बंद करावा.

कुकरमध्ये दूध घालायचे नाही. दूध उकळले की फेसाळून वर येते. तो फेस शिट्टीच्या नळीत अडकू शकतो. म्हणून दूध दुसऱ्या शेगडीवर उघड्या पातेल्यात आटत ठेवावे. इकडे गाजर मऊ होते, तिकडे दूध निम्मे होते. वेळ वाचतो तो येथे!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शिट्ट्या झाल्या म्हणून झाकण लगेच उघडू नये. आतली वाफ आपोआप निवू द्यावी. दहा-पंधरा मिनिटे लागतात. वजन अलगद उचलून पाहावे. वाफेचा आवाज मुळीच आला नाही आणि झाकण सहज फिरले, तरच ते काढावे. जोर लावावा लागत असेल, तर आत अजून दाब आहे असे समजावे.

मी हे सांगतो आहे, त्याला कारण आहे. कुकर आल्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा होता. अम्मी शेजारी गेली होती. आपा हलवा करत होती. महिन्याभराने तिची शालान्त परीक्षा होती. शिट्ट्या झाल्या. मला धीर निघेना. आपा म्हणाली, “थांब रे, अजून वाफ आहे.” मी ऐकले नाही. दोन्ही हातांनी जोर लावून झाकण फिरवले. आपाने मला बाजूला ढकलले आणि त्याच क्षणी झाकण उडाले. उकळता कीस तिच्या उजव्या हातावर पडला.

शेजारच्या खालाजान धावत आल्या. त्यांनी आपाचा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग तिला दवाखान्यात नेले. भाजल्यावर हेच करावे. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. त्यावर बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. फोड फोडू नयेत.

दहा दिवस आपाला पेन धरता आले नाही. ती तोंडाने धडे म्हणायची आणि मी ते तिच्या वहीत लिहून घ्यायचो. तिने मला एकदाही रागावून विचारले नाही. माझे मन मात्र मला रोज विचारत होते. आपा परीक्षेला बसली आणि उत्तीर्णही झाली. तिच्या मनगटावरचा डाग अजून आहे.

असो. झाकण काढल्यावर कीस मऊ झालेला दिसेल, पण तळाशी पाणी असेल. काही जणांना वाटते, आणखी शिट्ट्या दिल्या की हे पाणी आटेल. ते चूक आहे. बंद भांड्यातून शिट्टीवाटे थोडीच वाफ बाहेर जाते, मग पाणी आटणार कसे? कुकर मऊ करतो, आटवत नाही. आटवण्यासाठी भांडे उघडेच हवे. म्हणून मोठ्या आचेवर ढवळत पाणी आटवावे. मग आटवलेले दूध घालावे. ते मुरले की साखर घालावी. साखर आधी घातली, तर कीस नीट मऊ होत नाही आणि साखर तळाला लागून करपते. साखरेमुळे हलवा पुन्हा पातळ होईल. घाबरू नये, ढवळत राहावे. शेवटी उरलेले तूप आणि खवा घालून सात-आठ मिनिटे परतावे. हलव्याला खमंगपणा येतो तो या परतण्यामुळे. चमचा तळावरून ओढल्यावर वाट उमटली आणि कडेला तूप सुटू लागले, की हलवा झाला. वर वेलदोड्याची पूड, बदाम आणि बेदाणे घालावेत.

सगळे मिळून पाऊण ते एक तास लागतो. म्हणजे निम्मा किंवा त्याहून जास्त वेळ वाचतो आणि इंधनही वाचते. शिवाय गाजरातल्या कॅरोटीनपासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. तुपामुळे हे कॅरोटीन अंगी लागते.

मराठीत एक म्हण आहे, ‘गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली.’ कुकरच्या बाबतीत मात्र असे ‘वाजली तर वाजली’ चालत नाही. तुमच्या ओळखीचा ‘सब्र’ मराठीत ‘सबुरी’ झाला आहे. कुकर आपला तास वाचवतो. त्यातली पंधरा मिनिटे सबुरीला द्यायला काय हरकत आहे?

आजही हिवाळ्यात आपा माहेरी आली की हलवा मीच करतो. शिट्ट्या झाल्या की आपा माझ्याकडे पाहून हसते. मी हात मागे बांधून उभा राहतो.

शब्दार्थ
सबुरी – सब्र, धीर
प्रांजळपणे – खरेपणाने, काही न लपवता
करपणे – जळणे
आटणे – उकळून पाणी कमी होणे
वेलदोडा – इलायची
खमंग – चांगले भाजल्याचा वास व चव असलेला

स्वाध्याय
1. कुकरमध्ये अन्न लवकर का शिजते?
2. ‘कुकर मऊ करतो, आटवत नाही.’ हे विधान स्पष्ट करा.
3. आपाने लेखकाला रागावून विचारले नाही. तरीही लेखकाचे मन त्याला काय विचारत असेल? पाच-सहा ओळी लिहा.
4. भाजल्यावर काय करावे व काय करू नये?
5. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द पाठातून शोधून लिहा.