खजुराच्या पेट्या आणि जोंधळ्याचे दीडशे सूर्य

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, सुकामेव्याचं एक दुकान आहे. रमजान आठवड्यावर आला होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि दुकानमालक चाचांचा इंजिनिअरिंगला असलेला भाचा खजुराच्या रिकाम्या पेटीवर लॅपटॉप ठेवून बसला होता. पडद्यावर नुसती काळी खिडकी. चित्र नाही, बटण नाही, लुकलुकणारी एक उभी रेघ तेवढी. "मामू, एजंट जोडला. आता विचारा काय विचारायचं ते."

चाचांनी आयुष्यात एजंट बरेच पाहिलेले. "कमिशन किती घेतो?" एवढंच त्यांनी आधी विचारलं.

हा एजंट म्हणजे माणूस नव्हे, एआय. चाचांची दुकानं दोन, एक शहागंजात आणि एक उस्मानपुऱ्यात. दोन्हींचा हिशेब मुंबईतल्या एका क्लाउड डेटाबेसात पडून असतो. आपण साध्या बोलीत विचारायचं. एजंटने ते डेटाबेसच्या भाषेत मांडायचं, काळ्या खिडकीतल्या कमांड लाइनच्या अवजारातून मुंबईला धाडायचं, आलेलं उत्तर आपल्या भाषेत सांगायचं. आतली यंत्रणा भाच्याने समजावली, मी मान डोलावली. माझं सगळं लक्ष आकड्यांकडे होतं. भिशीपासून विश्वापर्यंत कुठलाही मोठा आकडा दिसला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं.

चाचांचा प्रश्न होता: "शहागंजातून गेल्या रमजानमध्ये खजुराच्या किती पेट्या गेल्या?" भाच्याने तो मराठीतच टंकला. मी लगेच वजन काढायला बसलो. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वारसुद्धा वेगळा. 'शहागंज' हा चार अक्षरांचा शब्द, पण श, ह, काना, ग, अनुस्वार, ज अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. 'छत्रपती संभाजीनगर' मधल्या मोकळ्या जागेसकट ४९ बाइट. आणि चाचांचा अख्खा प्रश्न प्रश्नचिन्हासह बरोब्बर १६० बाइट. आता पोस्टग्रेस नावाचा एक फुकट मिळणारा, जगभर वापरला जाणारा डेटाबेस घ्या. त्यात एका तक्त्याची मर्यादा ३२ टेराबाइट. त्या एका तक्त्यात चाचांसारखे वीस हजार कोटी प्रश्न मावतील. देशातल्या १४० कोटी माणसांनी, पाळण्यातल्या पोरापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाने, जवळपास दीडशे वेळा खजुराची चौकशी केली तरी तक्ता भरता भरायचा नाही!

आणि हा तर एक तक्ता झाला. आता प्रवासाला निघू.

ॲमेझॉनने मुंबईतली आपली क्लाउड केंद्रं जून २०१६ मध्ये उघडली. मायक्रोसॉफ्टचं पुण्याचं केंद्र त्याआधीचं, २०१५ सालचं. तोवर मराठवाड्यातल्या दुकानदाराचा हिशेब या कंपन्यांच्या क्लाउडवर ठेवायचा तर बहुधा सिंगापूर गाठावं लागे. आता मुंबई. शहागंज ते मुंबई रस्त्याने सुमारे ३३५ किलोमीटर. देवगिरी एक्सप्रेस रात्री इथून सुटते आणि सकाळी मुंबईला टेकते. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी या शहरात नहर आणली, शहागंजच्या मशिदीचे हौद तिच्याच पाण्याने भरत. त्या पाण्याला माणसाच्या चालीने मुंबईहून इथवर आणलं असतं तर साडेतीन दिवस लागले असते. काचेच्या तारेतला प्रकाश मात्र सेकंदाला दोन लाख किलोमीटर पळतो. तार रस्त्याइतकीच लांब धरली, तर इथून मुंबई आणि परत इथे, ६७० किलोमीटर, किती वेळ? सेकंदाच्या तीनशेव्या भागाइतका! पापणी लवायला एक दशांश सेकंद लागतो म्हणतात. म्हणजे चाचांची पापणी एकदा लवते तेवढ्यात प्रकाश मुंबईच्या तीस फेऱ्या मारून येतो.

वेगवान वाटलं ना? आता हेच लॅपटॉपच्या बाजूने बघा. साध्या लॅपटॉपचं काळीज सेकंदाला तीनशे कोटी ठोके देतं. मुंबईचं उत्तर येईपर्यंत ते एक कोटी ठोके वाट बघतं. समजा त्याचा एक ठोका म्हणजे शहागंजच्या घड्याळातला एक सेकंद. एक कोटी सेकंद म्हणजे ११६ दिवस! मृगाला पत्र टाकावं आणि घटस्थापनेला उत्तर यावं, असा हा हिशेब. आपल्याला जे चुटकीसरशी झालं, ते त्याला अख्खा पावसाळा.

आणि एजंटचा मेंदू, ते प्रचंड भाषा-मॉडेल, अमेरिकेतल्या सर्व्हरवर बसलेलं असेल तर? एका बाजूचं अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर. जाऊन येऊन २६ हजार. मुंबई-पुण्याच्या ८७ रिटर्न खेपा. लॅपटॉपच्या घड्याळात याची वर्षं होतात बारा आणि वर चार महिने. एक तप! बरं, एजंट एकदा विचारून गप्प बसत नाही. आधी तक्ते कोणते ते बघतो, मग रकाने बघतो, मग प्रश्न रचतो, उत्तर पाहतो, कपाळाला हात लावतो, पुन्हा रचतो. त्या दिवशी आठ फेऱ्या झाल्या. आठ फेऱ्या म्हणजे दोन लाख आठ हजार किलोमीटर. आपली दख्खनची राणी रोज पुण्याहून मुंबईला जाऊन येते, रुळांवरचे ३८४ किलोमीटर. तिला एवढं अंतर कापायला जवळजवळ दीड वर्ष लागेल, तेही एक दिवस खाडा न करता. तारेतल्या प्रकाशाला लागला एक सेकंद. आणि लॅपटॉपच्या पंचांगात? नव्व्याण्णव वर्षं. चाचांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे दुकानाचा भाडेपट्टाच झाला की."

एवढ्यात गल्ल्यावरचा डबा ओरडला: दोनशे चाळीस रुपये प्राप्त. पिस्ते गेले. या डब्यामागेही डेटाबेसच. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदा महिन्याला दोन हजार कोटींच्या वर गेले आणि रक्कम झाली सुमारे २४ लाख ८५ हजार कोटी रुपये. भागाकार करा. दर सेकंदाला साडेसात हजार व्यवहार. दर सेकंदाला ९३ लाख रुपये. 'पिस्ते' म्हणेपर्यंत एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जवळपास एक कोटी!

पण थांबा, साडेसात हजार ही किरकोळ विक्री झाली. घाऊक बघायची तर ॲमेझॉनचा डायनॅमोडीबी नावाचा क्लाउड डेटाबेस बघा. २०२४ च्या जुलैतल्या त्यांच्या सेलमध्ये ऐन गर्दीत त्याने सेकंदाला १४ कोटी ६० लाख विनंत्या पेलल्या. २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांनी एकाच क्षणी हात वर करून प्रश्न विचारला, सगळ्यांना उत्तर मिळालं, आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा सगळ्यांनी हात वर केला, तरी रांग मोकळीच राहिली असती. मुंबईच्या लोकलमधून दिवसाला सुमारे ७५ लाख माणसं जातात. लोकलला १४ कोटी ६० लाख माणसं वाहायला साडेएकोणीस दिवस लागले असते. इथे काम एका सेकंदाचं. लटकणारं कोणी नाही, "पुढे चला" नाही.

आणि टिकाऊपणा? ॲमेझॉनचंच एस-थ्री नावाचं कोठार आहे, त्यात चारशे लाख कोटींच्या वर वस्तू ठेवल्या आहेत. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे पन्नास हजार जवळपास. कंपनीचा दावा असा की तुम्ही त्यात एक कोटी वस्तू ठेवल्यात, तर सरासरीने दहा हजार वर्षांत एखादी गहाळ होईल. अजिंठ्यातली सगळ्यांत जुनी लेणी साधारण बावीसशे वर्षांची. अजिंठा एकदा कोरा, जुना होऊ द्या, पुन्हा कोरा, असं साडेचार वेळा करा, तेवढ्यात एक बिल हरवेल. (दावा कंपनीचा आहे. दहा हजार वर्षांनी भांडायला जायचं तर पावती सांभाळून ठेवा.)

आता खरी मजा. आता विहीर लागेल, आणि जोंधळा.

मराठवाड्यातली साधी विहीर घ्या, वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल. कोरडी. ती आपल्याकडे मुबलक. तिच्यात जोंधळा ओता, काठोकाठ. हजार दाण्यांचं वजन साधारण तीस ग्रॅम, म्हणजे क्विंटलमागे तेहेतीस लाख दाणे. विहिरीत मावेल सव्वीसशे क्विंटलच्या आसपास. दाणे झाले साडेआठशे कोटींच्या घरात. जगातल्या प्रत्येक माणसाला एकेक दाणा! एवढी भरली विहीर डोळ्यांपुढे ठेवा.

डेटाबेसात प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यावा लागतो. जुनी, लहान पद्धत ३२ बिटांची. तिच्यात आकडा जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंत जातो. पाव विहीर. पुरेल की, असं वाटतं ना? यूट्यूबलाही वाटलं होतं. २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल' हे एकच गाणं एवढं पाहिलं गेलं की मोजणीचं माप बदलावं लागलं. मग पुढचं माप ६४ बिटांचं. बिटं दुप्पट केली, तर विहिरी किती? अर्धी? एक? अहो, १०७ कोटी विहिरी! आपल्या नाथसागराची, जायकवाडीची क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर, १०२ टीएमसी. तो आटवून सांडव्यापर्यंत जोंधळ्याने भरला, तरी एक जायकवाडी पुरत नाही, दहा पुरत नाहीत. १३० जायकवाडी लागतात.

दम घेऊ नका. क्लाउडवाल्यांना हेही कमी पडतं. हजारो यंत्रं एकमेकांना न विचारता क्रमांक देणार, आणि दोन नोंदींना एकच क्रमांक पडता कामा नये. म्हणून ते यूयूआयडी नावाचा लांबलचक क्रमांक सरळ चिठ्ठी काढल्यासारखा काढतात. चिठ्ठ्या किती? ५३ वर ३५ शून्यं. जोंधळ्यात मोजा. विहिरी सोडा, जायकवाडी विसरा. पृथ्वी आतून पोकळ करून कणगीसारखी भरायची म्हटली तर वीस कोटी पृथ्वी लागतात. सूर्य भरायचे म्हटलं तर दीडशे. दीडशे सूर्य, गच्च, नुसता जोंधळा! त्यातून डोळे मिटून एक दाणा उचलायचा आणि खजुराच्या एका बिलाला चिकटवायचा. पिस्त्याच्या बिलाला दुसरा.

आणि यावर कडी म्हणजे किल्ली. चाचांचा हिशेब शहागंज ते मुंबई तारेतून उघडा जात नाही, कुलपात जातो. त्या कुलपाची किल्ली २५६ बिटांची. शक्य किल्ल्यांची संख्या अठ्ठ्याहत्तर आकडी. आता हात जोडून ऐका. ते दीडशे सूर्य घ्या. त्यातला एकेक दाणा फोडा. प्रत्येक दाण्यातून पुन्हा दीडशे सूर्य जोंधळा बाहेर काढा. त्या सगळ्याचा एक ढीग करा. असे ढीग रचा ४०९६. त्या सगळ्या ढिगांतला एकच दाणा म्हणजे आजची किल्ली. आणि खजुराचं बोलणं संपलं की ती फेकून द्यायची, उद्या नवीन!

एवढं कुलूप बाहेरच्या चोरासाठी. आत सोडलेल्याचं काय? जुलै २०२५ मध्ये एका अमेरिकी उद्योजकाच्या एआय एजंटने, काही बदलू नको असं बजावलेलं असताना, चालू डेटाबेस पुसला. १२०६ अधिकाऱ्यांच्या नोंदी गेल्या. आकडा केवढासा, ओंजळभरसुद्धा जोंधळा नाही, पण या लेखातला अंगावर काटा आणणारा आकडा मला तोच वाटतो. चाचांच्या भाच्याने शहाणपणा केला होता. एजंटला दिलेलं खातं नुसतं वाचायचं होतं. लिहायची मुभा नाही, पुसायची तर नाहीच.

तर उत्तर आलं. २६३ पेट्या.

चाचांनी मान हलवली. "नाही. चारशेच्या खाली जाणं शक्य नाही." भाच्याने तसंच टंकलं. एजंट पुन्हा मुंबईला गेला, नोंदी उलट्यापालट्या केल्या आणि सापडलं: नोंदी करणाऱ्या दोघांपैकी एक जण 'शहागंज' लिहायचा, दुसरा 'शाहगंज'. चिन्हं तीच सहा, वजन तेच १८ बाइट, काना तेवढा एक घर अलीकडे सरकलेला. दीडशे सूर्यांचा जोंधळा अचूक मोजणारी यंत्रणा एका कान्याला अडखळून १५४ पेट्या खाली सांडून आली होती.

दोन्ही शहागंज धरून नवं उत्तर आलं, ४१७. इंग्रजी आकड्यांत तीन बाइट. चाचांनी गल्ल्याखालून लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि गेल्या ईदच्या आदल्या दिवसाच्या बेरजेवर बोट ठेवलं.

४१७.