माप आणि वजन : स्वयंपाकघराने दिलेला धडा

आमचे सारे आयुष्य काट्याजवळ गेले. तथापि माप आणि वजन या सर्वस्वी निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा आम्हांस धान्याच्या पेढीने दिला नाही. तो नानाखेडा येथील आमच्या घरच्या स्वयंपाकघराने दिला. सभासद बंधुभगिनींस उपयोग व्हावा म्हणून तो येथे सांगत आहोत.

आमची आजी वऱ्हाडातून उज्जैनला आली ती पाककृतींची वही घेऊन. वहीतील सर्व प्रमाणे मापाची : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. काही वर्षांपूर्वी नातवाच्या बारशास त्या वहीतील डाळमेथी करावयाचे ठरले. 'चिरलेली मेथी एक पायली, तूरडाळ एक शेर,' असे आजीने लिहिले होते. आम्ही पेढीवरच हिशेब मांडला. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. सबब पायली म्हणजे ३ किलो ७३२ ग्रॅम. पंगत पाचपट, म्हणून निवडलेली मेथी साडेअठरा किलो! "अहो, इतकी मेथी कशी लागेल?" अशी शंका घरातून निघाली, परंतु आकड्यांचा दाखला देऊन आम्ही ती गप्प केली. पंगतीत डाळ कडूजहर झाली. पाहुण्यांनी भिडेखातर दोन घास घेतले आणि पातेली भरून अन्न उरले.

चूक अंकगणिताची नव्हती. पायली जागा मोजते, काटा भार मोजतो. चांगल्या गव्हाचे एक लिटर सुमारे ७७० ते ८०० ग्रॅम भरते; चिरलेल्या पालेभाजीचे जेमतेम सव्वाशे. पुढे त्याच पायलीत मेथी भरून तोलली, तेव्हा ती सहाशे ग्रॅमच्या आसपास भरली. आम्ही सहापट भाजी चिरावयास लावली होती.

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने आली. बाजारातून शेर गेला. स्वयंपाकघरात मात्र माप राहिले. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर पोहोचविले. रोजच्या चार माणसांच्या स्वयंपाकास वाटी उत्तम. शंभर पानांचा बाजार करताना मात्र किलो हवा, आणि तेथेच गफलत होते.

२४० मिलिलिटरचा पेला न दाबता भरला, तर स्थूलमानाने पालक ३० ग्रॅम, चिरलेला कोबी ९०, दुधीच्या फोडी ११५, मटारदाणे १४५ आणि टोमॅटोच्या फोडी १८० ग्रॅम भरतात. कोबी बारीक कातरला तर ७०च. पालक शिजून दबला की तोच पेला १८० ग्रॅमचा होतो. म्हणून प्रमाण कच्च्याचे की शिजलेल्याचे, हे प्रथम पाहावे. शेंगांचा मटार घेताना दाणे वजनाच्या निम्म्याहूनही कमी निघतात, हेही ध्यानी धरावे.

उपाय सोपा आहे. घरातील नेहमीची वाटी पाण्याने काठोकाठ भरून तोलावी. पाण्याचे जितके ग्रॅम, तितकी मिलिलिटर ती वाटी. मग प्रत्येक भाजी नेहमीप्रमाणे चिरून, सपाट भरून, वाटीचे वजन वजा करून तोलावी व आकडा वहीत लिहावा. सपाट की शिगोशीग, हेही लिहावे. एकदा केलेले हे काम पिढ्यान्‌पिढ्या पुरते.

'तत्त्वार्थसूत्रा'त अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'हीनाधिकमानोन्मान' गणला आहे. 'मान' म्हणजे माप आणि 'उन्मान' म्हणजे तराजूचे वजन, असा भेद टीकाकार करतात. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना आम्ही तो जन्मभर सांभाळला. घरी मात्र विसरलो. त्या दिवशी कोणाचे द्रव्य बुडाले नाही. परंतु पंधरा किलो हिरवी भाजी विनाकारण चिरली गेली, ही बोच अद्याप आहे.

आजीच्या वहीत आता प्रत्येक पायलीपुढे किलोचा आकडा आहे. तो आमच्या हातचा नाही. ज्यांची शंका आम्ही गप्प केली होती, त्यांच्या हातचा आहे.